हॅनाच्या आईचं नाव

सलीम म्हणला, "हिंमत हाय का? मॅडमला हॅनाच्या आईचं नाव सांगून दाखव." अन् मी येडा, हो म्हणून बसलो.

मॅडम म्हंजी सलीमच्या गारखेड्यातल्या घरात वर भाड्यानं राहणारी अमेरिकन बाई. हॅना तिच्या पणजीची आजी, दीडशे वर्षांमागं तिकडं एका खेड्यात गाई पाळायची. तिच्या गाईचं नावसुद्धा मॅडमला पाठ! पण हॅनाची आई कोण, ते वीस वर्षं हुडकून सापडंना. भिंतीवरच्या वंशावळीत तेवढाच चौकोन रिकामा.

मी वर जाऊन ठोकून दिलं, "मॅडम, मोबाईलवर घावलं. मेरी!"

बाईच्या डोळ्यात पाणीच आलं. तरी नाव पेन्सिलनं लिहिलं. म्हणली, "पुरावा मिळाला, की पेन."

आठ दिवसांत तिनं तिकडच्या चार चर्चला पत्रं धाडली. माझ्या मेरीसाठी! लई टरकली माझी. मेलेल्या बाईसाठी एवढं कुणी करतं व्हय?

वर मलाच बोलावून म्हणली, "आता तुमची वंशावळ काढू. तुमच्या पणजीचे नाव काय?"

मी बापाला फोन लावला. बाप म्हणला, "भाटाच्या वहीत आपल्या पंधरा पिढ्या हायेत, पण समदे बाप्येच. आजीला आम्ही म्हातारीच म्हणायचो."

मॅडमनं कागदावर एक रिकामा चौकोन काढला. हॅनाच्या आईसाठी काढला होता, तस्साच, पट्टी लावून. मला बघवंना.

"मॅडम, खोडरबर द्या," मी म्हणलो. "ती मेरी मीच पैदा केलीय."