एका कॉलमवरचं वजन

जर्मनीतल्या बोब्लिंगेन शहराच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी विभावरीने मोबाइल पर्समध्ये टाकला. मागे एक तरुण इंजिनिअर आपल्या सासऱ्यांशी बोलत होती.

"नऊ मजली इमारत, बाबा. सॉफ्टवेअरने सगळे कॉलम पास केले होते."

"मग ड्रॉइंग पाठवायचं थांबवलंस कशाला?"

"तळमजल्यावरचा एक कॉलम फारच बारीक वाटला. कागदावर हिशेब केला, तर वजन आलं तीनशे टन. सॉफ्टवेअर एकशे सत्तरच दाखवत होतं."

"कसं काय?"

"मॉडेलमध्ये वरच्या चार मजल्यांचे स्लॅब त्याला जोडलेच गेले नव्हते. आणि मॉडेल माझंच होतं."

"साहेबांना सांगितलंस?"

"हो, भर मीटिंगमध्ये."

"ओरडले असतील."

"नाही हो. म्हणाले, बरं झालं आजच कळलं. चला, सगळं पहिल्यापासून तपासू."

सासऱ्यांनी आवाज खाली आणला.

"ऊर्जा, पुण्यात चाळीस वर्षं मी आरसीसी डिझाइन केलं. तुझ्या जागी मी असतो, तर चूक गुपचूप दुरुस्त करून मोकळा झालो असतो."

"काहीतरीच काय, बाबा!"

"काहीतरीच नाही गं. एकदा तसं केलंय मी."