राहणारा पाय

कर्नल : दार लावून घे, सिरान. आणि त्या सर्जनला सांग, सकाळी दिलं तेच उत्तर. पाय कापायचा नाही.

सिरान : पप्पा, काळेपणा डाव्या घोट्याच्या वर चढलाय. ते म्हणतात, फार तर संध्याकाळपर्यंत थांबता येईल. उद्या गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. आणि परवा...

कर्नल : परवा काय, ते मला शिकवू नकोस. लष्करात सर्जन म्हणून उभी हयात मी हेच केलं.

सिरान : म्हणूनच म्हणते. दुसऱ्या कुणाचा पाय असता, तर काय सांगितलं असतंत?

कर्नल : त्याला विचारलं असतं. मला विचारलं, मी नाही म्हटलं. विषय संपला. दारात कोण आहे?

निंगप्पा : जय हिंद, साहेब! हवालदार निंगप्पा, मुक्काम दुधनी. वळकलं का?

कर्नल : आवाजावरनं नाही, पावलावरनं. डावा पाय फेकतोयस. लाकडी पायाचं सॉकेट सैल झालंय तुझं.

निंगप्पा : बगा ताई! सोता खाटंवर, आन तपासणी माझी.

कर्नल : सिरान, तू याला दुधनीहून ओढून आणलंस?

सिरान : फोन केला फक्त. माझं तुम्ही ऐकत नाही. म्हटलं, ज्याचा पाय तुम्ही कापलात त्याचं तरी ऐकाल.

निंगप्पा : ओढून कुटं, एस्टीनं आलो की. पायाच्या किरपेनं बसाया जागा मिळती. ह्यो डबा घ्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, म्हशीचं लोणी.

कर्नल : साखरेनं पाय सडलेल्या माणसाला लोणी आणतोस?

निंगप्पा : ऱ्हाऊ द्या बाजूला. कापाया न्हाय म्हनताय म्हनं?

कर्नल : बस, चहा घे. त्याबद्दल एक शब्द नको. हुकूम आहे.

निंगप्पा : हुकूम नोकरीत व्हता. आता दोघं बी पेन्शनर. येक सांगा साहेब. बर्फातल्या त्या दवाखान्याच्या तंबूत, सुरुंगानं माझ्या पायाचा चेंदा केला, तवा मी काय म्हनलो व्हतो?

कर्नल : गोळी घाला, पण पाय कापू नका.

निंगप्पा : आन तुमी?

कर्नल : आठवत नाही.

निंगप्पा : आठवतंय. 'पाय जातो, माणूस जात नाही.' माझा हात धरून म्हनला. आता सांगा, ते खरं व्हतं, का पोरगं गप बसावं म्हून म्हनला?

कर्नल : तू तरणा होतास, निंगप्पा. माझं वय बघ.

निंगप्पा : वय न्हाय इचारलं. खरं का खोटं?

सिरान : काका, जरा हळू. बीपी वाढेल त्यांचं.

निंगप्पा : वाढू द्या, ताई. सायबानं आज न्हाय म्हनून जीव सोडला, तर माझा पाय लबाडीनं गेला असं व्हईल. त्या येका वाक्यावर मी लगीन केलं, रान कसलं, लेकी नांदाया धाडल्या. लाकडाच्या पायावर न्हाय उभा मी. वाक्यावर उभा हाय.

कर्नल : तुला आमच्या घरातलं माहीत नाही. माझे आजोबा, हाकोब, आर्मेनियन. लहान होते, तेव्हा शिपायांनी अख्ख्या गावाला घराबाहेर काढून वाळवंटात चालवत नेलं. जो खाली बसला, तो तिथंच राहिला. त्यांची धाकटी बहीण बसली. हे चालत राहिले. चालत चालत बसऱ्याला, मग बोटीनं मुंबई, मग इथं सोलापूरच्या गिरणीत, रंगखात्यात. आमच्या घरात शिकवण एकच. बसायचं नाही. आणि आता मी बसू?

सिरान : बहिणीचं कधी सांगितलं नाहीत मला.

कर्नल : त्यांनीही मला एकदाच सांगितलं.

निंगप्पा : बसतंय कोन पर? माझी आई शरणम्मा बोलायची कानडी, जात्यावर मातूर मराठी. मी कुबड्या घिऊन घरी आलो, तर रडली न्हाय. दळाया बसली आन गायली,
'एका पायानं गं बाळ, माझा उंबऱ्यात आला,
दुजा पाय बर्फावरी, पहाऱ्याला उभा केला.'
ऐकलं का? गेलेला पाय बी बसला न्हाय, साहेब.

कर्नल : ...चांगली होती तुझी आई.

निंगप्पा : व्हती की. ताई, बादलीत कोमट पानी आना. आन येक तांब्या.

कर्नल : कशाला? आणि तू पाय का काढतोयस तुझा?

निंगप्पा : भुईवर बसाया आड येतोय. हितं तुमच्या खाटंला टेकवून ठेवतो. त्या दिशी भूल द्याच्या आदी तुमी माझा पाय धुतला व्हता. लोणी लावलं व्हतं, मेसमधलं. तुमचं मेलिक्यान आडनाव कुनाच्या जिभंवर बसंना, म्हून पलटणीत तुमी मलिकसाब. आमाला वाटायचं, मलिकसाबचं कायतरी खास औषद हाय!

कर्नल : औषध कसलं! ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्यात पाय धुतात. चर्चमध्ये पाद्री धुतो. सोलापुरात आमचं चर्च कुठलं? आजोबाच आम्हा पोरांचे धुवायचे, वर लोणी लावायचे. बहिणीचं सांगितलं, तेही पाय धुतानाच. ऊठ, निंगप्पा. तू माझे पाय धुवायचे नाहीस.

निंगप्पा : जावयाचं धुत्यात, पाव्हण्याचं धुत्यात. सायबाचं धुतलं तर काय आभाळ कोसळतंय?

कर्नल : खबरदार त्या पट्टीला हात लावलास तर! नुसते जंतू आहेत तिथं.

निंगप्पा : त्या पायाला कोन हात लावतंय? तुमी तरी कुटं माझा जाणारा पाय धुतला व्हता?

सिरान : म्हणजे?

निंगप्पा : साहेबांनी ऱ्हाणारा पाय धुतला, ताई. मी म्हनलो, धडका पाय कशाला धुता? तर म्हनले, 'जाणाऱ्याला निरोप मी देतो. याला सांगायचंय, उद्यापासनं दोघांचं वझं तुझ्यावर.' ...लक्षात हाय का, साहेब?

कर्नल : तुला दुखण्याच्या गुंगीत काही कळत असेल, असं वाटलं नव्हतं.

निंगप्पा : समदं कळत व्हतं. उजवा पाय खाली सोडा.

(सिरान बादली आणि तांब्या आणून ठेवते. खाट करकरते, कर्नल उजवा पाय खाली सोडतात.)

निंगप्पा : पानी गार हाय का लई?

कर्नल : ठीक आहे. सिरान, तो लोण्याचा डबा दे त्याला. आणि सर्जनला बोलाव.

सिरान : पप्पा... काय सांगू त्यांना?

कर्नल : या म्हणावं. पण घाई नको. टाच धुवायची राहिलीय अजून.