पायवाटेसाठी सायकल

नाही, पण मी म्हणतो, सायकलची सीट ज्यानं कुणी शोधून काढली, त्यानं माणूस बसलेला कधी पाहिला होता का हो? एवढीशी! तळहाताएवढी! आणि तिच्यावर आमचा हा सगळा ऐवज ठेवायचा, आणि वरून हसायचं, हात हलवायचा, कारण कडेला लोक टाळ्या वाजवताहेत आणि आमच्या गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी भोंग्यातून ओरडताहेत, "हसत हसत चला मंडळी! काम चांगलं आहे!" अहो, काम चांगलं आहे हे मला मान्य आहे, पण माझ्या बसायच्या जागेला ते कोण समजावणार?

तुम्हाला सांगतो, मला सायकलची काडीचीही हौस नाही. शाळा सुटली तशी सायकल सुटली. पण गेल्या वर्षी आमची ही पडली. बाजारातून येत होती, मागून एका मोटारवाल्यानं असा काही हॉर्न मारला की दचकली, तोल गेला, गटाराच्या कडेवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चालायचं. सपाट जागा बघा, खड्डा नको, गाडी नको. चालल्या तर काठी सुटेल. बसून राहिल्या तर पाय आखडेल, मग काठी जन्माची." आता सपाट जागा आणायची कुठून? घरापुढे रस्ता, तिथं जीव मुठीत धरून चालायचं. घरामागे कालवा, त्याच्या कडेनं पायवाट... पायवाट म्हणजे दगड, झाडांची मुळं आणि चिखल. ही मागच्या दारात काठी टेकून उभी राहायची, त्या वाटेकडे बघायची आणि परत आत यायची. एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर परवडलं असतं हो!

आणि अशात आमचे सेक्रेटरी दारात. यांचं रंगाचं दुकान आहे, पण दुकानात कमी आणि लोकांच्या दारात जास्त. "भाऊ, कालव्याची वाट पक्की करायची! चालायला! म्हाताऱ्यांना, पोरांना, आपल्या वहिनींना! सायकल फेरी काढू. जो जितके किलोमीटर जाईल, तितक्या किलोमीटरची देणगी त्याच्या ओळखीचे लोक देतील. काम चांगलं आहे!" म्हटलं, अहो, वाट चालायची आहे ना, मग चालूनच पैसे गोळा करू की! तर म्हणे, "चालणाऱ्याला कोण पैसे देतंय भाऊ? त्यात काय विशेष?" घ्या! मग मी फिरलो लोकांच्या दारोदार. माझा सख्खा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, काय म्हणाला माहितीये? "भावजी, किलोमीटरवर आहे ना? मग घाला हवा तो आकडा! तुम्ही पहिल्या वळणावर आडवे होणार!" सख्ख्या बहिणीच्या पायासाठी हो!

झालं, सराव सुरू. आमची आख्खी गल्ली जन्मभराची चालणारी. सकाळी उठून गप्पा हाणत चालणारी. औषधवाला काय, वकीलसाहेब काय, शिवणकामवाल्या बाई काय... सगळे सायकलवर! पहिल्या आठवड्यात रोज कुणीतरी कुंपणात. औषधवाला तर स्वतःच्याच दुकानाची मलमं स्वतःलाच लावत होता. पण हळूहळू... इथंच तर घोडं पेंड खातं... हळूहळू त्यांना ते आवडायला लागलं! औषधवाल्यानं ती घट्ट चड्डी आणली. अहो, काउंटरच्या मागेसुद्धा तीच! वकीलसाहेब मला म्हणतात, "भाऊ, तुमचे गिअर किती?" म्हटलं, एकच, आणि तोही माझा, छातीत खरखरतोय! आणि सेक्रेटरी मागून घंटी वाजवत, "थांबू नका! काम चांगलं आहे!"

पण मी फेरी पूर्ण केली बरं का. वळणंच वळणं होती, एकाही वळणावर आडवा झालो नाही. पायात गोळे, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे काजवे. शेवटी ही उभी होती. लोकांनी खुर्ची दिली होती तरी उभी, काठीवर भार टाकून. माझा तो अवतार बघून म्हणाली, "अहो, असा कुणी जीव काढतं का?" आणि डोळे पुसायला लागली. मीही पुसले. घाम आलाय म्हणून सांगितलं सगळ्यांना.

आणि वाट झाली! काय वाट झाली हो! गुळगुळीत, रुंद, कडेला झाडं, बसायला बाकं. हिनं नवीन चपला आणल्या. आणि उद्घाटनाच्या आधी सेक्रेटरींनी नियम ठरवायला बैठक बोलावली. मत कुणाला? ज्यांनी फेरी मारली त्यांना. म्हणजे सायकलवाल्यांना! वकीलसाहेब उठले, घसा खाकरला, "चालणारे मध्ये आले तर अपघात होतील. सबब ही वाट केवळ सायकलींसाठी राखीव असावी." म्हटलं, अहो, चालायलाच बांधली ना ती? तर औषधवाला, त्या चड्डीतला, मला विचारतो, "पण भाऊ, आता चालतंय कोण?"

चालतंय कोण! मी ओरडलो, "माझी बायको!" मग सेक्रेटरी अगदी मऊ आवाजात, जसं काही घरात कुणी गेलंय, "वहिनींबद्दल आम्हाला आदर आहे हो भाऊ. पण एकीसाठी सगळ्यांची गैरसोय..." सगळे हात वर. विरोधात माझा एक. आणि फाटकावर पाटी लागली, 'चालणाऱ्यांना सक्त मनाई'. रंग सेक्रेटरींच्या दुकानातला, फुकट दिला! काम चांगलं आहे ना!

मी भांडलो. अर्ज दिले, शिव्या दिल्या, पाया पडायचाच तेवढा राहिलो. शेवटी सेक्रेटरींना तोडगा सुचला. काय तोडगा? "भाऊ, वहिनींना मागे बसवून आणा की! डबलसीटला आमची ना नाही!"

आता काय करता? रोज संध्याकाळी मी पुढे, ही मागे कॅरिअरवर, मांडीवर काठी आडवी, पायात त्या नव्या चपला. त्यांना अजून माती लागलेली नाही. एकदा म्हणाली, "जरा थांबता? दोन पावलं टाकते." थांबलो. तिनं एक पाय खाली ठेवला, तोच पलीकडून वॉचमनची शिट्टी. तिनं पाय उचलला आणि म्हणाली, "चला."

परवा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि असा चेहरा खुलला त्यांचा! म्हणाल्या, "वा! वजन उतरलं, दम टिकतोय, पायांत ताकद आली. औषध अर्ध्यावर आणू या. रोजचा हा व्यायाम अजिबात सोडू नका."

मला म्हणाल्या हो. ही बाजूच्या खुर्चीत बसून होती.