गाडीला भोक पाडायचं नाही

चूक मोठ्या काकांची. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात चूक कुणाची याची चर्चा सुरू झाली की ती चूक फिरत फिरत सगळ्यात धाकट्याच्या डोक्यावर येऊन बसते, आणि सगळ्यात धाकटा मीच. तर चूक मोठ्या काकांची. थोडी बाबांची, कारण ते गप्प बसले. तसे बाबा गप्प बसणारे नाहीत हो, दुकानात बघा त्यांना, गिऱ्हाइकाला बोलू देत नाहीत, पण मोठा भाऊ समोर आला की त्यांचं तोंड असं मिटतं, जसं काही आजीनं मरताना त्याला कुलूप घालून किल्ली काकांकडे दिली होती.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. जुनी, बिडाची, जड मशिनं. एक उचललंत तर कंबर दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही. ती दुरुस्त झाली की गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, हे काम माझं, कारण मी डिप्लोमा अर्धवट सोडला आणि आमच्याकडे अर्धवट सोडलेल्या माणसाला पूर्ण वेळ राबवतात. पोचवायला गाडी. मागे नुसती मोकळी खोली असते ना, तसली व्हॅन. घेऊन दिली मोठ्या काकांनी. नावावरही त्यांच्याच.

आता मोठे काका म्हणजे काय चीज, ते तुम्हाला सांगतो. त्यांच्या फ्रिजवर अजून कंपनीचा प्लास्टिकचा कागद आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. बटण दाबायचं तर पिशवीतूनच दाबायचं. गाडी आली तशी सीटवरची प्लास्टिकं तशीच, मागच्या तळावर आणखी एक प्लास्टिक अंथरलं, आणि सीटच्या वर मानेमागे उशी असते बघा, हेडरेस्ट, त्या दोन्ही उपसून घरी नेल्या.

"काका, त्या कशाला नेताय?"

"तेल लागतं केसांचं. मळतात."

"पण त्या मानेसाठी असतात."

"तुझी मान काय पळून जाते?"

नाही पळाली. तेच तर दुखणं आहे. पळून जायला हवी होती.

तर मशिनं तळावर ठेवली की एका वेळी चारच मावायची, म्हणून बाबा म्हणाले मागे एक मांडणी करू, दोन मजली, म्हणजे एकावर एक ठेवता येतील. साधी गोष्ट. चार बोल्ट, गाडीच्या तळाला चार भोकं, संपलं. बाबांनी ड्रिल बाहेर काढलंसुद्धा होतं. तेवढ्यात मोठे काका आले, चपला काढल्या, ड्रिलकडे बघितलं, आणि घरात कुणीतरी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, "गाडीला भोक पाडायचं नाही."

बाबांनी ड्रिल खाली ठेवलं. अहो, जो माणूस दिवसभर लोखंडाला भोकं पाडतो तो म्हणतो कसा, "दादा म्हणतो ते खरं आहे. भोकातून पाणी शिरतं."

मी म्हटलं, "मग ती मांडणी उभी कशावर राहणार?"

"स्वतःच्या वजनावर," काका म्हणाले. "आमचं कपाट चाळीस वर्षं उभं आहे. कुणी बोल्ट मारलाय त्याला?"

"काका, तुमचं कपाट उतारावरून जात नाही."

बघा, एवढं सोपं बोललो. यात न कळण्यासारखं काय होतं? पण काकांना कपाटावरून कपाट आठवलं, की आपल्या लग्नातलं ते सागवानी कपाट तसंही खोली अडवतं, मग त्याचीच मांडणी करू. आणि दुसऱ्या दिवशी ते कपाट कापून, आडव्या फळ्या ठोकून, दोन भावांनी मांडणी केली. ठोकून म्हणजे खिळ्यांनी. स्क्रू नाही. दुकानातले लाकडी खोक्यांचे ते लांबलचक खिळे होते ते वापरले, कारण ते होते. आणि कपाटाचं दार, ज्याला पुरुषभर आरसा, ते मांडणीच्या पुढच्या बाजूला ठोकलं. पुढची बाजू म्हणजे ड्रायव्हरकडची. म्हणजे माझ्याकडची.

"आरसा काढा ना," मी म्हटलं.

"असू दे. त्याला काय खायला लागतं?"

आरशाजवळ हातोडा मारला तर काच जाईल, म्हणून दाराला खिळे आतून मारले. आतून मारले की टोकं कुठे येणार? बाहेर. आरशाच्या भोवती, सगळीकडून, दोन दोन बोटं, एखाद्या देवाला प्रभावळ असते तशी. ती टोकं वाकवा म्हटलं तर हातोडा पुन्हा आरशाजवळ येतो, म्हणून ती तशीच राहिली. मी बोट लावून बघितलं. रक्त आलं. काकांना दाखवलं.

"मग बोट लावू नये," ते म्हणाले.

आता हे सगळं धूड, वर बिडाची मशिनं, खाली गुळगुळीत प्लास्टिक, आणि कशाला बांधलेलं नाही. दोरी म्हटली तर दोरीला हूक लागतो आणि हुकाला भोक लागतं, आणि गाडीला भोक पाडायचं नाही. मग काकांनी काय केलं? पाचरी मारल्या. मांडणी आणि गाडीची भिंत यांच्या फटीत स्वतःच्या जुन्या रबरी चपला कापून, त्यांचे तुकडे ठासून बसवले. एकेक तुकडा हातोडीने आत सारत होते आणि प्रत्येक तुकड्याला "हलून दाखव आता" म्हणत होते.

मी म्हटलं, "काका, घर्षण नावाची एक गोष्ट असते." खरं सांगतो, डिप्लोमात तेवढाच एक धडा मी जागेपणी ऐकला होता.

काकांनी हातोडी थांबवली. "कोर्स पुरा केलास का?"

संपलं. हे वाक्य आमच्या घरात माझ्यापुरतं कायद्याचं कलम आहे. मीठ कमी म्हटलं तरी, कोर्स पुरा केलास का. जिना ओला आहे, घसराल म्हटलं तरी, कोर्स पुरा केलास का. आणि मग घसरायचं.

आईला सांगितलं, की आई, ब्रेक मारला तर ते कपाट माझ्या मानेवर येईल, मी मरेन. आईनं भाजी चिरायची थांबवली, तेवढी तिची माया आहे, आणि म्हणाली, "त्यांनी गाडी घेऊन दिलीय रे, लगेच नाही म्हणू नये. तू असं कर, मानेला जाड टॉवेल गुंडाळून जात जा."

टॉवेल. मशिनं, कपाट, खिळे... आणि टॉवेल. पण गुंडाळला. भीती माणसाला काय काय करायला लावते बघा, मी सबंध आठवडा ऐन उन्हाळ्यात मानेला अंघोळीचा टॉवेल गुंडाळून गाडी चालवली, सिग्नलला लोक खिडकीतून विचारायचे, गळू झालंय का.

आणि तो आरसा. तुम्ही कधी स्वतःची मान मागून बघितलीय? मी दिवसभर बघायचो. समोरच्या छोट्या आरशात मागचा मोठा आरसा, त्यात माझं टाळकं, मानेवरचा टॉवेल, आणि भोवती खिळ्यांची टोकं. मी ब्रेकला पाय लावला की मागून कर्र आवाज यायचा. पाय काढला की गप्प. म्हणजे कुणीतरी मागे बसून माझ्या पायावर लक्ष ठेवून आहे. मग मी ब्रेकच सोडला. लांबूनच गिअर पाडत, हॉर्न वाजवत, लोकांना हात जोडत थांबायचो. काकांना सांगितलं, तर ते खूश झाले. "बघ, गाडी किती जपून चालवायला लागलास."

मग ते स्वतःच आले एक दिवस. मांडणी कशी चाललीय ते बघायला. त्या दिवशी शिवणवर्गाच्या बाईंची मशिनं पोचवायची होती, मांडणी वरपासून खालपर्यंत भरलेली, आणि बाईंचा वर्ग कुठे, तर उताराच्या पायथ्याशी. तो उतार तुम्ही बघितला नाहीत ते बरंय. वरून बघितलं तर रस्ता दिसतच नाही, एकदम खालच्या घरांची छपरं दिसतात.

मी म्हटलं, "काका, दोन खेपा करू. निम्मी निम्मी."

"मग मांडणी केली कशाला?"

काका शेजारी बसले, प्लास्टिकवर, चुर्र आवाज करत. मी त्यांना पट्टा लावा म्हटलं. म्हणाले, शर्टाची इस्त्री मोडते. मी माझा पट्टा लावला, टॉवेल घट्ट केला, आणि निघालो.

निम्म्या उतारापर्यंत कर्र कर्र. मग टप्. काहीतरी मऊ पडलं.

"काय पडलं?" काका.

"तुमची चप्पल."

मग दुसरीकडून टप्. मी समोरच्या आरशात बघितलं आणि... कसं सांगू तुम्हाला... माझी मान मोठी होत होती. मघाशी लिंबाएवढं दिसणारं माझं टाळकं संत्र्याएवढं झालं. मग नारळाएवढं. म्हणजे आरसा पुढे येत होता. हळू. घाई नाही. पाहुणा यावा तसा. आणि मला एक गोष्ट लख्ख कळली, की ब्रेक मारला तर तो धावत येणार, आणि नाही मारला तर गाडी धावत जाणार, आणि या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे तिथे माझी मान आहे. पाचावर धारण बसणं म्हणतात ना, माझी सातआठावर गेली असेल. डोक्यात एकच विचार, की मी मेलो तरी हे लोक म्हणतील, कोर्स पुरा केला नव्हता.

काकांनी मागे वळून बघितलं. आरशात त्यांना काका दिसले. मोठे, अगदी जवळ आलेले काका. सबंध आयुष्यात मी त्यांचा तसला आवाज ऐकला नव्हता, एवढुस्सा, शाळेतल्या पोरासारखा.

"अरे... एखादं भोक पाडलं असतं तर..."

आणि पायथ्याशी एका फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे यायला लागला. सबंध रस्ता अडवून. मागे बघायला माणूस नाही, काही नाही.

मारला ब्रेक. दुसरं काय करणार? दोन्ही पायांनी मारला.

आता देवाचा न्याय बघा. पट्टा न लावलेले काका प्लास्टिकवरून सुर्रकन घसरले, साबणावरून घसरावेत तसे, आणि सीटखाली जाऊन बसले. केसालाही धक्का नाही. आणि मी, पट्टा लावलेला, शहाणा, मी ताठ जागच्या जागी. आधी पुढे गेलो, मग पट्ट्यानं मागे ओढलं, आणि मागे तोवर सागवान येऊन पोचलं होतं. सीटच्या पाठीवर आदळून थांबलं. मान वाचली. मानेला टॉवेल होता, मानेवरचा खिळा टॉवेलात रुतला, आईची पुण्याई. पण टॉवेल कानाला नव्हता.

लोक कानाला खडा लावतात. मला खिळा लागला. डाव्या कानात, मागून शिरला, पुढून बाहेर. मी कपाटाला अडकलो. खुंटीला टोपी अडकते तसा. हलता येईना, ओरडता येईना, कारण ओरडलं की कान ओढला जायचा.

सीटखालून काका म्हणाले, "जिवंत आहेस?"

"कान..." मी म्हटलं.

काका सावकाश वर आले. कान बघितला. खिळा बघितला. मग आरसा बघितला, त्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "हलू नकोस. काच तडकेल."

शेवटी टँकरवाला आणि शिवणवर्गाच्या बाई, दोघांनी मागून मांडणी ओढली. टँकरवाला ओढताना विचारत होता, "हे बांधलं का नव्हतं?" आणि काका त्याला समजावत होते, "बांधायला हूक लागतो." बाईंनी माझं रक्त बघितलं, च् च् केलं, आणि म्हणाल्या, "मशिनं बरी आहेत ना?" बाबांचा फोन आला. "मशिनं बरी आहेत ना?" आई तेवढी वेगळं बोलली. "टॉवेल रक्तानं खराब झाला का?"

दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, टाका घालणार होते, पण डॉक्टर म्हणाले, भोक इतकं गोल आणि स्वच्छ पडलंय की टाक्याची गरज नाही, आपोआप सुकेल. तशीच राहील खूण.

घरी आलो तर पंचायत बसलेली. निकाल लागला होता. उतारावर एवढा जोरात ब्रेक मारायचा नसतो, हे ड्रायव्हरला कळायला हवं, पण कोर्स कुठे पुरा केलाय. बाबा मान हलवत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी बोला. चार बोल्टचं काम आहे." बाबांनी माझ्या कानाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. मग दारातून दादाकडे बघितलं. मग म्हणाले, "या वेळी चपला नव्या घेऊ. जाड रबराच्या."

काका अंगणात होते. विजेरी घेऊन वाकून गाडी तपासत होते, तळ, भिंती, छप्पर, दारं. सगळं बघून झालं. आत आले, पाय धुतले, आणि समाधानानं म्हणाले, "एक ओरखडा नाही. मी म्हटलं नव्हतं?"

उद्या सकाळी पुन्हा मशिनं आहेत. तोच उतार. टॉवेल धुऊन वाळत घातलाय, आईनं या वेळी कान झाकेल असा मोठा काढलाय.

गाडीला एकही भोक नाही. मला एक आहे. डाव्या कानाला, आरपार.