भाताच्या बियाण्याची फाईल

आमच्या गावच्या शेती सोसायटीतल्या शांताराम क्लार्कचं ऐकलासा काय? कॉम्प्युटरचा भटजीच त्यो! जिल्ह्याहून नवा कॉम्प्युटर आला, तसं ह्यानं बियाण्याची जुनी यादी त्यात उघडून दोन नावं वाढवली. झालं! जुना कॉम्प्युटर ती यादी उघडीना, आणि प्रिंटर तर जुन्यालाच जोडलेला. छापील यादीबिगर बियाणं मिळत न्हाई. गावची माणसं पेरणी सोडून सोसायटीच्या दारात उभी.

मी इचारलं, "शांतारामा, नव्या कॉम्प्युटरनं आधी सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं की काका! 'फाईल बदलली तर जुन्यात उघडणार न्हाई, बदलू काय?' असं इचारलं."

"मग?"

"आता जिल्ह्याहून आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं?"