बारावा फोटो

मी, दिव्यानी झिंगू निकुरे, वय २७ वर्षे, धंदा ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान, रा. सावली, जि. चंद्रपूर, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझी आई मनकर्णा हिला मागील वर्षी एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना वाघाने मारले. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा फोटो घरी नाही. वाघांसाठी जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात ती आली असेल म्हणून मी वर्षभर वनविभागाकडे फोटो मागत होते. हे समोर असेच अर्जांचे दुकान चालवणारा अश्विन याला मीच चहा पिताना सांगितले होते.

दि. १४ जुलै रोजी सकाळी अनोळखी नंबरवरून एक झिप फाइल आली. नाव 'मनकर्णाबाई शेवटचे फोटो'. खाली लिहिले होते, 'मोबाइलवर दिसणार नाहीत, दुकानातल्या कम्प्युटरवर उघड.' त्या कम्प्युटरवर लोकांचे पीकविम्याचे अर्ज आहेत. म्हणून मी फाइल नेट नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर घेतली आणि न उघडता आतली यादी पाहिली. बारा नावे होती. अकरा फोटोच होते. बाराव्याला फोटोचे नाव देऊन प्रोग्राम ठेवला होता. कम्प्युटरमधले सगळे लॉक करणारा व्हायरस, असे मी तपासल्यावर कळले. ज्या फोल्डरमधून फाइल बांधली त्याचे नावही यादीत राहून गेले होते. ते अश्विनच्या दुकानाचे होते.

अकरा फोटो इंटरनेटवरच्या वाघांचे निघाले. मी ते दोनदा पाहिले. आई नव्हती.

दि. १५ रोजी मी तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन अश्विनच्या दुकानात गेले. लोकांचे अर्ज पाठवून होईपर्यंत बाकावर बसले. मला लोकांचे नुकसान करायचे नव्हते, त्याचे करायचे होते. शेवटच्या गिऱ्हाईक कलाबाई पावती घेऊन उभ्या होत्या.

मी म्हणाले, "मायचे फोटो आहेत. प्रिंट काढून दे."

त्याने अकरा उघडले आणि थांबला.

मी विचारले, "बारावा काऊन नाई उघडत?"

कलाबाई म्हणाल्या, "पोरीची माय गेली, दाखव ना बाप्पा."

"नको दिव्यानी, सारं लॉक होते."

"तुले कसं माहीत?"

त्याने हात जोडले. "चुकलो. सारे गिऱ्हाईक तुह्याकडंच जाऊन राह्यले होते."

मी माउस ओढून घेतला आणि बारावा फोटो उघडला. त्याच्या कम्प्युटरमधले सगळे लॉक झाले.

अश्विनची तक्रार खरी आहे. मी माफी मागणार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी शांत होते. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.