आण्याला वीस

(एग्मोर, १९६२. वेंकोबारावांचं स्वयंपाकघर. पडद्यापलीकडे हॉलमध्ये मुलाचे वडील व्यासराज एकटेच बसले आहेत.)

राजसबाई: ...काहीच नको म्हणाले? खरंच? परत एकदा सांगा, कानात साठवून ठेवते.

वेंकोबा: सोनं नको, चांदी नको, मुलाला घड्याळसुद्धा नको. हुंड्याविरुद्ध कायदा आलाय, मी कायदा पाळणारा माणूस, एक पैही घेणार नाही म्हणाले.

राजसबाई: वेंकटेशा, पावलास रे बाबा! इतकी स्थळं आली न् मुलगी बघून, सोज्जी-बज्जी खाऊन गेली. आणि तुम्ही असे काय उभे? कडू काढा प्यायल्यासारखं तोंड झालंय.

वेंकोबा: एक नाणं हवंय म्हणतात.

राजसबाई: कसलं नाणं?

वेंकोबा: माझ्या तपकिरीच्या डबीतलं. पुदुकोट्टै संस्थानचा अम्मन काशु.

राजसबाई: तो तांब्याचा टिकला? अय्यो! त्याचं काय यायचं बाजारात?

वेंकोबा: चालत होता तेव्हा आण्याला वीस.

राजसबाई: म्हणजे पैपेक्षाही हलका! पै तरी आण्याला बारा. शब्दाचा पक्का आहे हो माणूस. पै घेणार नाही म्हणाला, न् पैपेक्षा कमीच मागितलं. द्या की! दोन द्या!

वेंकोबा: दोन नाहीत, हेच तर दुखणं आहे. बाकीचे मिळतात गं, शेरावारी मिळतात. हा जुन्या साच्याचा, जाड. मुळात थोडेच पाडले, त्यातलेही लोकांनी वितळवून तांबे-घंगाळं केली. व्यासराजांकडे सगळे आहेत, हा एक नाही. माझ्याकडे हा एक आहे आणि...

राजसबाई: आणि एक मुलगी आहे. तुमच्याकडे हा आहे हे त्यांना कळलं कसं?

वेंकोबा: मूर मार्केटात जुन्या नाण्यांच्या दुकानी भेटतो आम्ही. गेल्या महिन्यात मीच दाखवला. भिंगही मीच दिलं हातात.

राजसबाई: आणि लगेच स्थळ चालून आलं! मी वेडी, मला वाटलं माझे शुक्रवार फळले.

वेंकोबा: मी त्यांना म्हटलं, पाच पवन सोनं घालतो पोरीच्या अंगावर, तेवढा काशु राहू द्या. तर कानांवर हात ठेवले. म्हणे, सोनं? शिव शिव! मला तुरुंगात घालता काय?

राजसबाई: पाच पवन! परवा मी दोन म्हटलं तर घाम फुटला होता तुम्हाला!

वसंता: अम्मा, हळू. मागच्या न्हाणीपर्यंत ऐकू येतंय.

राजसबाई: तू कधी आलीस?

वसंता: अप्पांनी पाच पवन म्हटलं तेव्हा. मी म्हटलं कोणाचं लग्न आहे बाई एवढं थाटाचं. म्हणजे बघा अप्पा, मी पैपेक्षा स्वस्तात जातेय, तरी तुम्हाला महाग पडतेय.

वेंकोबा: असं बोलू नये, कण्णा. स्थळं काय, आणखी येतील...

वसंता: मला आणखी नकोत. मला राघोत्तम आवडलाय. सांगते स्पष्टच, तुम्ही विचारणार नाही म्हणून. त्या दिवशी गॅलरीत बोलू दिलंत ना, तेव्हा मी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर म्हणाला, अम्मा, मी, बाबा आणि बाबांची नाणी. पण नाणी जेवायला बसत नाहीत. तिकडे आवडी गावच्या फॅक्टरीत एवढ्या धडधडाटात काम करतो, आणि बोलतो किती हळू. शाळेत दिवसभर पोरींवर ओरडून येते मी, मला असाच माणूस हवाय.

राजसबाई: ऐकलंत? जाऊन द्या तो काशु मुकाट्यानं. सगळ्या गल्लीत मी मिरवते, आमच्या ह्यांनी माझ्या बाबांकडून काडी घेतली नाही. धोतरसुद्धा स्वतःचं नेसून उभे राहिले. आणि त्यांचीच पोर एका काशापायी... थांबा जरा. हा काशु आपल्याकडे आला कुठून?

वेंकोबा: कापीचं दूध उतू जाईल बघ.

राजसबाई: जाऊ दे. पुदुकोट्टै माझं माहेर. नवरात्रात राजवाड्यातून तांदूळ न् काशु मिळायचा तो माझ्या बाबांना.

वेंकोबा: तुझ्या बाबांनी विचारलं, काय अपेक्षा? मी म्हटलं, काही नको.

राजसबाई: आणि?

वेंकोबा: देवघरात ताटलीत ठेवलेला दिसत होता गं. नजर हलेना.

राजसबाई: मागितलात.

वेंकोबा: नुसतं म्हटलं, बघू का?

राजसबाई: बाबा काय म्हणाले?

वेंकोबा: लगेच उचलून हातावर ठेवला. म्हणाले, मुलगीच देतोय, आता हा ठेवून काय करू?

वसंता: अम्मा, बस ना खाली.

राजसबाई: मला काय धाड भरलीय? तीस वर्षं मिरवलं, त्याचा जरा शीण आला, एवढंच.

वेंकोबा: घे वसंता. ही डबी. नेऊन दे त्यांना. कडेला धर हं, मधे बोट लावू नको. तांब्याला घाम लागतो.

वसंता: नेते. पण त्यांना देणार नाही. अम्माबरोबर आला, माझ्याबरोबर जाईल आणि माझ्या पेटीत राहील. त्यांना बघायचा असेल तर शुक्रवारी, दिवा लावल्यावर. देवी आहे त्याच्यावर, देवीसारखी बघावी.

वेंकोबा: आणि नाही म्हणाले तर?

वसंता: तर म्हणेन, मग हा हुंडाच झाला की मामा. तुम्ही तर कायदा पाळणारे.

राजसबाई: अगं, निदान कापी तरी ने... गेली! काय बोलतेय? बघा ना पडद्यातून.

वेंकोबा: पडद्याशी उभं राहणं वाईट दिसतं म्हणतेस ना नेहमी?

राजसबाई: आज दिसू दे.

वेंकोबा: भिंग काढलंय त्यांनी. काशु बघतायत. अजून बघतायत. आता ती बोलतेय... कपाळ चोळतायत. अरे! हसतायत की. भिंग ठेवलं खाली. आता तिच्याकडे बघतायत.

राजसबाई: तिच्याकडे? बरं झालं. आल्यापासून पहिल्यांदाच.

वसंता: शुक्रवारी चालेल म्हणाले. फक्त भिंग स्वतःचंच वापरणार. आडी महिन्यात लग्न करत नाहीत, तो लागायच्या आत मुहूर्त काढा म्हणाले. घरी लवकर शुक्रवार यायला हवा, असं म्हणाले.

राजसबाई: आई अंबे! ये इकडे, दृष्ट काढू दे.

वेंकोबा: मग... शुक्रवारी मीही येत जाऊ का गं? आवडी काही लांब नाही.

वसंता: कोणाला बघायला, अप्पा?

राजसबाई: थांब गं. ह्याचं उत्तर त्यांना आधी मला देऊ दे. मी तुझ्या आधीची आहे.